येल्काचं स्वयंपाकघर कोणाचं

माणूस म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाने युरोपला अडीच हजार वर्षं छळलं. अखेर त्याचा निकाल लागला तो आमच्या ब्येलोवार गावच्या न्यायालयात, दुसऱ्या मजल्यावर, संडासाशेजारच्या खोलीत. पलीकडे कोणीतरी साखळी ओढल्यामुळे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं लागलं.

हा माणूस म्हणजे येल्का पोसावेच, माझी शेजारीण. वय एकसष्ट, काम केस कापण्याचं. सोळा वर्षांपूर्वी तिने बँकेकडून कर्ज काढून घर घेतलं. पुढच्या खोलीत खुर्ची आणि आरसा, मागे संसार. कर्ज स्विस फ्रँकमध्ये होतं. येल्काने स्वित्झर्लंड फक्त चॉकलेटच्या वेष्टनावर पाहिलं होतं. फ्रँक चढत गेला, हप्ता दुप्पट झाला, आणि बँकेने घर लिलावाला काढलं.

कायदा सोपा आहे. असला करार साध्या ग्राहकाच्या गळ्यात मारला असेल तर तो रद्द होतो, घर वाचतं. धंदेवाल्याच्या गळ्यात मारला असेल, तर त्याने गळा पुढे का केला? म्हणजे घर जास्त राहण्याचं की जास्त धंद्याचं, एवढंच ठरायचं होतं. कोर्टाचा माणूस टेप घेऊन आला आणि मोजून गेला. ब्याण्णव चौरस मीटरपैकी धंद्याचे एकवीस. त्या आनंदात येल्काने पातळ पोळीत सफरचंद गुंडाळून भाजतात ते स्ट्रुडेल केलं आणि भाजायच्या थाळीसकट माझ्याकडे पाठवलं.

"शेजारी, साक्षीला याल ना?" ती म्हणाली. "तुम्ही छान बोलता."

इथेच ती चुकली.

बँकेचा वकील कोवळा आणि अतिशय नम्र होता. "आजोबा, तुम्ही यांचे गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक कसला! घरचाच माणूस मी. माझ्या डोक्यावर सात केस, त्यांच्यासाठी दुकानात कोण जाईल? मी कॉफीला जातो."

"खुर्चीवर बसून पिता?"

"छे! स्वयंपाकघरात. येल्का सगळ्यांनाच तिथे बसवते."

न्यायाधीशबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, छान चाललंय.

"आणि गर्दी झाली तर?"

"तर आतल्या खोलीत, पलंगावर. टीव्ही तिथेच आहे ना. मालिका लागली की बायका डोक्याला रंग फासून तिथेच लोळतात. इतका घरोबा!"

"केस धुणं वगैरे?"

"न्हाणीघरात. आपण आपल्या घरी धुतो तसंच."

"शेजारी, पुरे आता," मागच्या बाकावरून येल्का म्हणाली. पण मी रंगात आलो होतो. स्ट्रुडेलचंही सांगितलं, थाळीसकट.

"घरपोच," वकील न्यायाधीशबाईंकडे वळून म्हणाला. "आजोबा, मग फक्त त्यांचं असं घरात काय उरलं?"

मी विचार केला. "कपाट!"

"त्यात काय असतं?"

"टॉवेल."

"कोणाचे?"

शपथ घेतली होती. "गिऱ्हाइकांचे," मी म्हणालो.

निकाल असा लागला: धंद्याचे अठ्ठ्याऐंशी मीटर. उरलेले चार म्हणजे बटाटे ठेवायची कोठी. कायद्याच्या दृष्टीने येल्का साधा माणूस होती ती त्या कोठीत. बाकी घरभर ती धंदा होती. बाहेर जिन्यावर वकिलाने माझ्याशी हस्तांदोलन केलं. येल्काने कोटाची बटणं लावली, एक चुकीच्या काजात गेलं, ते तिने तसंच राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे गेलो. आरशावर चादर टाकली होती. सवयीने तिने दोन कप मांडले, कॉफी ओतली, आणि स्वतःच्या कपाकडे नुसती बघत बसली.

"जाणार कुठे?" मी विचारलं.

"भाचीकडे, झाग्रेबला. तिचा सोफा उघडला की पलंग होतो म्हणे."

मग मी बोलायला लागलो. अपील करू, वरच्या कोर्टात जाऊ, तिथेही नाही झालं तर लक्झेंबर्गला, युरोपच्या कोर्टापर्यंत जाऊ. सगळ्या युरोपला सांगू की पाहुण्याला कॉफी पाजणारी बाई ही कंपनी नसते! माझा आवाज चढला होता. स्वतःचाच मला राग आला होता, तो मी युरोपवर काढत होतो. येल्का ऐकत होती. निदान बघत तरी माझ्याकडेच होती.

"शेजारी," मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली.

"बोल, येल्का. काहीही सांग."

"माझी भाजायची थाळी तुमच्याकडे राहिलीय. उद्या बँकेची माणसं सामानाची यादी करायला येतायत. तेवढी आणून द्या. घासून."