रडकी भिंत आणि दोन विटा

ती भिंत रडायला लागली ते साल एकोणीसशे अडुसष्ट. तेव्हा घरात करमणूक म्हणजे एक रेडिओ, तोही कधी खरखरायचा, कधी रुसायचा. मग गल्लीच्या टोकाच्या बैठ्या घरातली भिंत दर रविवारी धाय मोकलून रडते असं कळल्यावर माणसं घरी कशाला बसतील?

दुपारी तीनच्या सुमाराला पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडे. मागच्या खोलीत माणसं अशी दाटीवाटीनं बसत की एकानं खाजवलं तर दुसऱ्याची खाज जावी. खिडकी बंद, दार बंद. मध्ये पाटावर घरवैद्य. हा माणूस घरांची नाडी बघत असे. दोन बोटं भिंतीला टेकवून डोळे मिटायचा आणि मान हलवायचा, जणू भिंतीला एकशे दोन ताप आहे.

"भिंतीला कान असतात हे सगळेच सांगतात," तो म्हणे. "भिंतीला डोळेही असतात, हे सांगायला मी जन्मलो! आणा, गरम पाणी आणा. रडण्याआधी घराला तोंड धुवायला लागतं."

वाफाळत्या पाण्याचं घमेलं भिंतीपाशी ठेवलं जाई. मग तो लांबच लांब सुरात आळवू लागे, "गाऽऽर व्हा… गाऽऽर व्हा… मनातलं ओझं श्वासातून बाहेर टाका…" आणि ती पन्नासएक माणसं फुसफुस करत आपापलं ओझं बाहेर टाकत. थोड्या वेळात पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला काळपट डाग उमटायचा, पसरायचा, त्याच्यावर थेंब धरायचे आणि एखादा ओघळ खाली यायचा.

"रडली! रडली!" एकच गलका व्हायचा. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पुरुष घसा खाकरायचे.

कोरड्या डोळ्यांनी उभी असायची ती एकटी घराची मालकीण. दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे सारी गल्ली तिला सिस्टर म्हणे. रडणं तिनं पुष्कळ पाहिलं होतं. रविवारी तीनच्या ठोक्याला वेळेवर येणारं रडणं मात्र पहिल्यांदाच पाहत होती.

हे घर तिनं कसं मिळवलं होतं ते तिलाच ठाऊक. लग्नानंतर नऊ भाड्याच्या खोल्या झाल्या. एका मालकाला भिंतीत खिळा ठोकलेला चालत नसे, तर दुसऱ्याला पाहुणा. आठव्या खोलीच्या मालकिणीनं पाळणा बांधायला नकार दिला, तेव्हा सिस्टरनं ठरवलं, आता मरेन ती स्वतःच्या छपराखाली. तिच्या बांगड्या गेल्या, नवऱ्याच्या छापखान्यातली उचल गेली, उरलेलं बँकेनं दिलं, आणि घर झालं. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून हा माणूस स्वतःच्या बाबतीत कायम घाबरलेला.

भाड्याच्या घरात नळ गळला की मालकाच्या नावानं खडे फोडता येतात. आता मालक बघायचा तर आरशात. पहिल्याच महिन्यात कौलं सरकली, मोरी तुंबली, मागचं दार फुगून अडकलं आणि मागच्या मालकिणीच्या थकलेल्या घरपट्टीची नोटीस आली. सासूबाई म्हणाल्या, "घर कसलं, सातव्या महिन्यात जन्मलेलं पोर आहे! रोज एक दुखणं." सिस्टर हसायची. गळकं असो, तुंबलेलं असो, खिळा ठोकायला कोणाची परवानगी लागत नव्हती. पहिल्या आठवड्यात तिनं गरज नसताना सात खिळे ठोकले होते.

मग हवा दमट झाली आणि मागच्या खोलीत तो डाग उमटला. नळवाल्यानं भिंतीला कान लावला, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "इथं नळच नाही, तर गळणार काय?" छप्परवाल्यानं वर चढून पाहिलं, वर कोरडं ठाक. दोघांनीही हात टेकले. ज्या दलालानं घर मिळवून दिलं होतं, तो मात्र तत्परतेनं धावत आला, घरवैद्याला घेऊनच.

घरवैद्यानं निदान केलं, "पहिल्या मालकिणीसाठी घर झुरतंय. तुम्हाला ते आपलं मानत नाही. ताई, रडत्या घरात राहणाऱ्यांचं हसू टिकत नाही हो."

त्याच आठवड्यात सासूबाईंचा पाय मुरगळला आणि नवऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या एका चुकीमुळे लग्नपत्रिकेत नवरीच्या जागी नवरीच्या आईचं नाव छापून आलं. झालं! घरात कोणाला दुसरा पुरावा नको होता.

दलाल म्हणाला, "वहिनी, तुम्ही माझी माणसं. असलं घर आता कोण घेणार? पण माझा मेव्हणा धाडसी आहे. निम्म्या किमतीत घेईल. येत्या रविवारी कागद करून टाकू."

"आणि बँकेचं कर्ज?" सिस्टरनं विचारलं.

"ते काय, फेडाल हळूहळू."

म्हणजे घर जाणार, हप्ते राहणार, आणि पुन्हा दहावी भाड्याची खोली. त्या रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं भिंत रडते?"

तो चाचरत म्हणाला, "वाटत नाही गं. पण समज, खरं असलं तर?"

"समज, समज करतच तर नऊ मालक झाले आपले!"

आगीत तेल ओतलं सासूबाईंनी. त्या अट्टल स्वयंपाकीण. समोर काही ओलं दिसलं की बोट लावून जिभेवर ठेवायचं, ही जन्माची सवय. भिंतीच्या ओघळालाही त्यांनी बोट लावलं, चाखलं, आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "अगं बाई! खारट! खरे अश्रू गं, खरे अश्रू!"

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर. आता लोक भिंत बघायला नाही, चाटायला येऊ लागले. घरवैद्याची छाती दोन इंच फुगली. "मी म्हटलं नव्हतं? पाणी खोटं बोलेल, मीठ बोलणार नाही!"

हे वाक्य मात्र तो बोलून बसला आणि फसला. कारण ते सिस्टरच्या डोक्यात राहिलं.

मंगळवारी तिला सुट्टी होती. घरात कोणी नव्हतं. बाहेर ओलसर झड, म्हणून तिनं मागच्या खोलीतच खिडकी लावून चादरी उकळायला ठेवल्या. घंगाळातून वाफ उठली, आणि समोर भिंत ढसाढसा रडायला लागली. खोलीत ना घरवैद्य, ना गर्दी, ना कोणाचं दुःख. होत्या फक्त चादरी. तिनं विस्तव विझवला, खिडकी उघडली. बाहेरची झडही तोवर थांबून वारा सुटला होता. दुपारपर्यंत भिंतीनं डोळे पुसले.

"म्हणजे बाई, तुला दुःख होत नाही. तुला वाफ होते," सिस्टर भिंतीला म्हणाली.

पण वाफ तर चारी भिंतींना लागली होती. बाकीच्या तिघी जेमतेम दमटल्या, हीच एवढी का भिजली? विचार करतच ती स्वयंपाकाला लागली. मिठाच्या बरणीत चमचा घातला तर चमचा रुतून बसला. दमट हवेत मिठाला पाणी सुटून त्याचा गोळा झाला होता, दरवर्षी होतो तसा. तिनं त्यातलं चिमूटभर जिभेवर ठेवलं. मग एकटीच खो खो हसली. खारट भिंत! अश्रू खारट असतात, तसं मीठही खारट असतं की! सगळ्यांना अश्रू आठवले, मीठ कोणालाच आठवलं नाही.

आता भिंतीत मीठ आलं कुठून? तिनं शेजारच्या बेकरीवाल्या काकूंना कुंपणावरून हाक मारली. काकूंना दिसायचं कमी, आठवायचं जास्त.

"अगं, तिथं आइसक्रीमचा कारखाना होता! तुझ्या आधीच्या मालकिणीचा नवरा आइसक्रीमवाला. बर्फात जाडं मीठ घालून भांडी फिरवायचे. मिठाची पोती त्याच भिंतीला थप्पी लावून ठेवायचे, खारं पाणी तिथंच सांडायचं. वीस-बावीस वर्षं! दमट हवेत ती भिंत तेव्हाही ओली व्हायची. तो म्हातारा म्हणायचा, माझ्या भिंतीला घाम येतो."

"आणि आम्ही घेताना कशी कोरडी होती?"

"भर उन्हाळ्यात दाखवली असेल, चुना फासून. दलाल काय झोपलेला असतो होय?"

सिस्टर घरी आली. मोरीच्या दुरुस्तीतून उरलेल्या दोन कोऱ्या विटा अंगणात पडल्या होत्या. तिनं त्यातली एक जाड्या मिठाच्या पाण्यात बुडवली, दुसरी साध्या पाण्यात. नंतर दोन्ही बेकरीच्या भट्टीवर ठणठणीत वाळवल्या.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, विटा कशाला शिजवतेस?"

"पाहुण्या आहेत. रविवारी बसवायच्यात."

रविवार आला. गर्दी नेहमीपेक्षा जास्त. बेकरीवाल्या काकूही पहिल्यांदाच येऊन कोपऱ्यात बसल्या. दलालाचा मेव्हणा कागद आणि पेन घेऊन तयार. सिस्टरनं भिंतीजवळ स्टूल मांडलं, त्यावर दोन विटा ठेवल्या.

"हे काय ताई?" घरवैद्यानं विचारलं.

"दर्शनाला आल्यात. बसू द्या."

लोक हसले. त्यालाही हसावं लागलं. घमेलं आलं, दारं लागली, "गाऽऽर व्हा" सुरू झालं, फुसफुस सुरू झाली. भिंतीवर डाग उमटला, पसरला, थेंब धरले. "रडली!" असं कोणी म्हणणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली, "अगं, वीट! वीट पण रडतेय!"

खरोखरच डावी वीट काळपट होऊन ओली चिंब झाली होती. उजवी होती तशी कोरडी.

सिस्टर म्हणाली, "ही वीट महिन्यापूर्वी भट्टीतून आलीय. हिचं कोण गेलं हो?"

घरवैद्य कच्च्या गुरूचा चेला नव्हता. क्षणात म्हणाला, "वीट ही घराची बहीण! बहिणीचं दुःख बघून तिचं काळीज विरघळलं!"

माना डोलल्या. नवऱ्यानं कपाळाचा घाम पुसला. सिस्टरनं शांतपणे उजव्या विटेवर बोट ठेवलं. "आणि ही दुसरी? सख्खीच आहे, एकाच भट्टीतली. हिचं काळीज दगडाचं का?"

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळीकडून हसू फुटलं. सिस्टरनं मिठाची बरणी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं: पोती, खारं पाणी, बंद खिडकी, वाफ. "तुमचाच श्वास भिंतीवर थेंब होऊन बसतो, आणि त्याच्याच पाया तुम्ही पडता. इतकी माणसं या खोलीत कोंडली तर मीही घामानं रडेन." तिनं खिडकी सताड उघडली. वाऱ्याची झुळूक आत आली. सगळ्यांनाच बरं वाटलं.

"पण यांना कसं ठाऊक, इथंच वाफ करायची ते?" नवऱ्यानं विचारलं. मुद्रितातली चूक सापडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

कोपऱ्यातून बेकरीवाल्या काकू उठल्या. "मी सांगते. मला दिसत नाही, पण तो सूर ओळखते की मी! गाऽऽर व्हा, गाऽऽर व्हा! अरे, आइसक्रीमची गाडी ढकलत तूच ओरडायचास ना? भांड्याचा दांडा फिरवायला होतास या खोलीत. माझे दोन पाव उधार आहेत तुझ्याकडे!"

घरवैद्याचं तोंड खरोखर गार पडलं. मेव्हण्यानं पेन खिशात घातलं. दलाल मागच्या दारानं सटकायला गेला, पण ते दार फुगून अडकलं होतं. घराचं दुखणं पहिल्यांदाच मालकाच्या उपयोगी पडलं.

"यांना रडवायला आता वाफ नको," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बाहेरच्या चपलांमधून आपली नेमकी शोधून आणली. वापरावी लागली नाही. दलालानं सगळ्यांसमोर कबूल केलं, की कोपऱ्याची जागा त्याला दोन दुकानांसाठी हवी होती.

पुढे गवंड्यानं कमरेपर्यंतचं प्लास्टर खरवडून नवं केलं. त्याचे पैसे दलालानं मुकाट्यानं दिले, मग तो दुसऱ्या गावी दलाली करायला गेला. काकूंना पावांचे पैसे मिळाले. घरवैद्यानं महिनाभर तोंड लपवलं आणि मग पुन्हा आइसक्रीमची गाडी काढली. हात खरा होता हो त्याचा. पहिलं गिऱ्हाईक सासूबाईच. नवरा पुढे कधीही "समज, खरं असलं तर?" असं म्हणाला, की सिस्टर म्हणे, "मग करून बघू." या दोन शब्दांवर त्यांचा संसार चाळीस वर्षं चालला. हप्ते फिटले, कौलं पुन्हा सरकली, मोरी पुन्हा तुंबली, आणि दर वेळी बोलावला तो नळवाला किंवा गवंडी. तुमच्या घरातही भिंत ओली झाली तर हेच करा. पाया पडण्याआधी पाया बघा.

सासूबाईंनी ती खारट वीट मात्र टाकू दिली नाही. स्वयंपाकघराच्या फळीवर ती शेवटपर्यंत होती. सकाळी तिच्याकडे बघून त्या ओरडत, "सूनबाई, बहीणबाई रडायला लागल्या गं! वाळत घातलेलं आत घे!"

आणि एकदाही वीट चुकली नाही.