न खुडलेले शेंडे

थोरली बहीण गेल्यापासून घड्याळजीने तिच्या रोझमेरीच्या रोपाचा एकही शेंडा खुडला नव्हता.

बहिणीला सगळे आक्का म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत ती पिलाटीसचे व्यायाम शिकवायची. जमिनीवर चटया आणि भिंतीला आरसा एवढाच संसार. खिडकीच्या रुंद कठड्यावर मात्र कुंड्या दाटीवाटीने मांडलेल्या असत, पुदिना, थाईम, सेज, आणि कोपऱ्यात मान ताठ करून बसलेली रोझमेरी. वर्ग सुरू होण्याआधी आक्का नखाने तिचे कोवळे शेंडे खुडायची आणि गरम पाण्यात सोडायची. आलेल्या बायकांची कुरकुर निम्मी तर त्या वाफेनेच थंड व्हायची.

बाकीच्या कुंड्या तिच्यामागोमाग गेल्या. रोझमेरी तेवढी उरली. आक्काने शेवटचे शेंडे खुडले होते त्या जागी जोडीजोडीने नवे कोंब आले आणि घड्याळजीला वाटले, हे तिनेच बोलावून घेतलेले आहेत. ते तोडायचे म्हणजे ती बोलत असताना मध्येच तिचे वाक्य तोडायचे. त्याने ते तळहाताच्या फोडासारखे जपले. फांद्या लांबत गेल्या, वाकल्या, काचेला टेकल्या.

दिवसभर भिंगाखाली मान घालून त्याची पाठ कामातून गेली होती. म्हणून दुकान उघडण्यापूर्वी तो आक्काच्या चटईवर उताणा पडे, पाय उचलून धरी, बेंबी कण्याकडे ओढून घेई. अशाच एका सकाळी, पोट थरथरू लागले आणि त्याने श्वास रोखून धरला, तेव्हा खोलीत दुसऱ्या कुणीतरी श्वास सोडला. दातांच्या फटीतून, लांब, रेशमी धागा ओढावा तसा. आक्का सोडायची तसा.

त्याने स्वतःचा श्वास सोडला आणि तो आवाज बुडाला.

त्या दिवसापासून तो व्यायामाला नव्हे, श्वास रोखायला चटईवर जाऊ लागला. जितका अधिक रोखावा, तितकी ती अधिक वेळ राही. कंबर मात्र दुखून दुखून लाकूड झाली आणि चिमट्यात धरलेले बारीक चाक हातातून निसटू लागले.

आक्काची सर्वांत जुनी विद्यार्थिनी म्हणजे पलीकडच्या गल्लीतली शिंपीण. सगळे तिला मावशी म्हणत. वर्ग बंद झाला तरी तिची येण्याची खोड गेली नव्हती. एके सकाळी ती दारात उभी राहिली आणि ओरडलीच.

"अरे, श्वास सोड! सोड म्हणते ना! तोंड बघ, बिटासारखं झालंय. घड्याळाला किल्ली देतोस की स्वतःला?"

तो धापा टाकत उठून बसला. "सोडला की ती जाते, मावशी."

मावशीच्या ओठांवर पुढचा टोमणा तयार होता. तो तिने गिळला. चपला काढून ती आत आली, आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

"शिलाई मारताना मी वाकले ना, की मलाही वाटतं, मागून आक्का बोट ठेवेल मणक्यावर," ती म्हणाली. "मी वळून बघत नाही. तूही बघू नकोस." मग तिची नजर खिडकीतल्या रोझमेरीकडे गेली. "आणि हे काय करून ठेवलंस रे?"

"रोज बघतो मी तिच्याकडे. हातसुद्धा लावला नाही."

"तेच तर! अरे, ही खुडल्यानं जगते. आतून बघ, सगळं काष्ठ झालंय. टोकाला तेवढं हिरवं उरलंय, तेही पिवळं पडायला लागलं. ते गेलं की संपलं. नुसत्या लाकडाला पालवी फुटत नाही, बाळा. आत्ता हिरवे शेंडे काप, ओल्या वाळूत खोच. थोडे तरी मूळ धरतील."

"ते तिचे आहेत."

"मग तिचे म्हणूनच मरू देणार आहेस का?"

घड्याळजी चटईवरून उठून खिडकीशी गेला. मग त्याने मावशीच्या पिशवीतली छोटी कात्री मागून घेतली. पहिली फांदी त्याने बोटांत धरली तेव्हा ती थंड नव्हती. नुकत्याच कुणाच्या तरी हातातून सुटल्यासारखी उबदार होती. कदाचित उन्हामुळे असेल. आक्काचा नियम त्याच्या अंगात मुरला होता: जोर लावायचा तो श्वास सोडताना. त्याने श्वास सोडला आणि कात्री मिटली.

दातांच्या फटीतून तो आवाज निघाला. लांब, रेशमी. त्याच्याच तोंडातून.

खोलीभर तीव्र, कडवट वास पसरला. घड्याळजी हातातल्या हिरव्या तुकड्याकडे पाहत राहिला. आता आपल्या श्वासाखाली ती कायमची बुडाली, असे त्याच्या मनात आले. तेवढ्यात मागे, चटईपाशी, अगदी हळू, श्वास सुटला. त्याच्यानंतर. शिकणारा शिकवणाऱ्याच्या मागोमाग सोडतो, तसा.

मावशी एका रिकाम्या कुंडीत वाळू ओली करत होती. तिचे हात थांबले.

"ऐकलंस?" त्याने विचारले.

"काप तू," ती मान न वळवता म्हणाली. "फार थांबायला लावू नकोस तिला."

त्याने पुढची फांदी धरली आणि सावकाश श्वास आत घेतला. मागेही कुणीतरी घेतला, आणि वाट पाहत राहिले.