एलिसकाका नाही म्हणाले नव्हते

"एलिस यांनी संपर्क नाकारला," असं घरसेवेच्या नर्सने लिहून टाकलं, आणि माझं डोकं फिरलं. लापुआ गावच्या आमच्या भजनसभेत दुसऱ्याचं भजन संपायच्या आत पुढचं उचलणारा हा माणूस, तो संपर्क नाकारेल? पण या एका शेऱ्यावर शुक्रवारी त्यांना घरातून हलवून वृद्धाश्रमात ठेवायचं ठरणार होतं.

नर्स रोज संदेशात लिंक पाठवते. ती दाबली की आमच्या ऑफिसने बनवलेलं अ‍ॅप उघडून नर्स पडद्यावर दिसायला हवी. काकांच्या फोनवर मात्र वेबसाइट उघडत होती आणि ओळख पटवायला बँकेचा पासवर्ड मागत होती.

"माझ्या फोनवर चालतंय की, इम्पी," आमचा प्रमुख रायमो म्हणाला. "म्हाताऱ्यांची बोटंच थरथरतात..."

"बोटांना नावं ठेवू नकोस. फोन दे इकडे!"

त्याच्या फोनवर अ‍ॅपची ऑफिसात बनवलेली प्रत होती, ऑफिसच्या डिजिटल शिक्क्याची. लोकांना अ‍ॅप स्टोअरमधून मिळतं, आणि स्टोअर त्यावर स्वतःचा शिक्का मारतं. फोन वेबसाइटला विचारतो, हे अ‍ॅप तुझंच का? आमच्या वेबसाइटला ठाऊक होता फक्त ऑफिसचा शिक्का, म्हणून काकांचं अ‍ॅप उघडतच नव्हतं.

देव क्षमा करो, त्या वेळी माझ्या तोंडात प्रार्थना नव्हती. "आपण आपापसातच ओळख पटवून घेतली, आणि ज्यांच्यासाठी दार बांधलं त्यांनाच परकं ठरवलं!"

रायमोचे कान लाल झाले. त्याने स्टोअरचा शिक्का वेबसाइटवर नोंदवला. "झालं. आता जुनं अ‍ॅप काढून पुन्हा घेतलं की फोन नव्याने पडताळेल. मदतीच्या पानावर तशी सूचना टाकतो."

"ज्यांना पासवर्ड टाकता येत नाही, ते तुझं पान शोधणार? ऊठ, गाडीत बस."

"अगं, माझी कॉफी..."

"काका देतील. दिली तर."

काकांनी दिली. बन मात्र मलाच. रायमोने अ‍ॅप काढलं, पुन्हा घेतलं. काकांनी थरथरत्या बोटाने लिंक दाबली, आणि नर्स तूलिक्की पडद्यावर आली.

"एलिस! आज बरे भेटलात! गोळी घेतलीत ना?"

काकांनी फोन सरळ रायमोच्या हातात कोंबला. "गोळीचं मागाहून. आधी हिला सांग, मी नाही म्हटलं नव्हतं. आणि लिहिलंय ते खोडायला लाव."

रायमो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," मी म्हटलं.