दिवेवालीचं हसू

दिवा १. पांढरा, थेट वरून.

दलेंदाने गव्हाच्या रव्याचं कुस्कुस वाफवायचं भांडं टेबलावर ठेवलं, झाकण उचलून आत डोकावलं आणि मक्तर या डोंगरातल्या गावाच्या सांस्कृतिक भवनातल्या रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं,

"दुकानदाराला म्हटलं, एका माणसापुरतं कुस्कुस दे. तो म्हणाला, का हो, बाकीचे कुठे गेले?"

वरून हसू आलं. वाक्य संपायच्या आधीच आलं.

दलेंदाने मान वर केली. वस्सिला शिडीच्या टोकाला बसली होती. एक हात दिव्याच्या कडीवर, दुसऱ्यात फोन.

"काय गं वाचलंस एवढं?"

"काही नाही. बोल तू, पुढे बोल."

"मलाही हसव की."

"अगं, काही नाही म्हटलं ना. डावीकडे सरक जरा, नाकाची सावली हनुवटीवर पडतेय."

दलेंदा सरकली. 'एकटीचं कुस्कुस' हा खेळ घेऊन दोघी तीन वर्षं फिरत होत्या. एक व्हॅन, एक टेबल, दोन खुर्च्या आणि त्यातल्या एकीवर कुणीही बसायचं नाही. बोलायचं दलेंदाने. दिवे आणि आवाज वस्सिलाचे. आणि आणखी एक गोष्ट वस्सिलाची होती, जी कुठल्याही जाहिरातीत नव्हती. लहान गावातले प्रेक्षक सुरुवातीला एकमेकांकडे बघत बसतात. एकट्या बाईच्या गोष्टीला हसावं की नाही, ते ठरत नाही. तेव्हा सभागृहामागच्या, दिवे चालवायच्या काचेच्या खोलीतून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, वस्सिलाचं हसू यायचं. जाड, घोगरं, मध्येच श्वास अडकलेलं. ते आलं की गाव हसत सुटायचं.

उन्हाळा संपल्यापासून ते येत नव्हतं. येत होतं, पण फोनकडे बघून.

दिवा ५. गुलाबी. (दाताचा डॉक्टर.)

तो प्रसंग असा. एक बाई कॅफेत दाताच्या डॉक्टरला भेटते. तिला वाटतं, तो आपल्या ओठांकडे बघतोय. तो म्हणतो, हसलात तेव्हा दिसलं, उजवीकडची दाढ किडली आहे. पुन्हा भेटायचं ठरतं, त्याच्या दवाखान्यात. दलेंदा इथे तोंड उघडून बोट आत घालायची.

"अजून आहे बघा. त्याने भरलेली. माझ्या आयुष्यात टिकलेली पुरुषाची एकच गोष्ट."

दाढ वस्सिलाची होती. डॉक्टरही तिचाच. लिंबाच्या सरबतात दोन स्ट्रॉ मागवून दुसरा शेजारच्या टेबलावर बसलेल्या स्वतःच्या आईला देणारा आणखी एक, तोही तिचाच. प्रत्येक भेटीनंतर वस्सिला टॅक्सीतूनच फोन करायची, आणि दलेंदा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोट धरून हसायची. दलेंदा स्वतः कुणाला भेटायला गेल्याला किती काळ लोटला, ते तिला आठवत नव्हतं. खेळातून सवड नव्हती. खेळ एकटं असण्याबद्दल होता आणि तो फार चालला होता.

एप्रिलपासून एकही फोन आला नव्हता.

"संपले का पुरुष?" जूनमध्ये तिने विचारलं होतं.

"सुट्टीवर गेलेत," वस्सिला म्हणाली होती, आणि खिडकीबाहेर बघत राहिली होती.

दिवा नाही. दुपार.

वस्सिला फ्यूज आणायला गेली होती तेव्हा भवनाचा रखवालदार बेशीरकाका दोन्ही हातांत वाडगा धरून आला. वर पांढरं फडकं, त्याच्यावर एक मऊ गाठोडं.

"ट्यूनिसच्या बाईंना द्या म्हणाल्या."

"कोण म्हणालं?"

"कोण होत्या कुणास ठाऊक. गाडी दारात चालूच होती. मौलिद आहे ना आज, बाई. खा."

मौलिदच्या, म्हणजे पैगंबरांच्या जन्माच्या, दिवशी या डोंगरात घराघरांतून असे वाडगे फिरतात. पाइनच्या काळ्या बियांची खीर, असीदा, वर पांढऱ्या सायीचा थर आणि त्यावर सुक्यामेव्याची नक्षी. पाठवणारं कोण असेल म्हणून दलेंदाला आधी भवनाचे संचालक लामीन आठवले. गेल्या वर्षी ते म्हणाले होते, आमची असीदा खाल्ल्याशिवाय मक्तर पाहिलं असं म्हणू नका. बायको नसलेले, नीट दाढी केलेले गृहस्थ. तिने आरशात बघून केस कानामागे घेतले आणि फडकं उचललं.

नक्षी फार मन लावून केली होती. पिस्त्याची वेल, बदामांची फुलं, कडेने चांदीच्या गोळ्या. शेजाऱ्याला असा वाडगा जात नाही. तिने गाठोडं सोडलं. गडद हिरवा रेशमी रुमाल, अत्तराची कुपी, आणि लहान डबीत सोन्याची बारीक बांगडी.

लग्न ठरलेल्या मुलीला सणाला मुलाच्या घरून येतं ते हे. दलेंदाच्या तीन बहिणींना आलं होतं. दार उघडायला दर वेळी आई तिलाच पाठवायची.

तिने बांगडी हातात चढवून पाहिली. अंगठ्याशी अडली. वस्सिलाचे हात बारीक होते. दिव्यांच्या मागे कुठेही शिरायचे.

मग तिने सगळं नीट बांधलं आणि गाठोडं वस्सिलाच्या जॅकेटखाली ठेवलं. वाडगा मात्र टेबलाखाली, कुस्कुसच्या भांड्याशेजारी. भेट तिची, हे बरोबर. खीर काय, कुणीही खातं.

दिवा ९. पिवळा.

गाव सुटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरवर दोन-तीन खोकले आले. मागच्या खोलीतून काहीच नाही. पहिल्या रांगेत एक वयस्क बाई, डोक्याला पांढरी ओढणी, हात पोटावर बांधून बसली होती. बरं नाटक आहे, पण सुरू कधी होणार, अशा चेहऱ्याने.

दलेंदाने टेबलाखालून वाडगा काढला.

हे खेळात नव्हतं. मागच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आज मौलिद," ती म्हणाली. "एक्केचाळीस मौलिद बघितले. आज पहिल्यांदा माझ्या दारात असा वाडगा आला. बघा. बघा तरी नक्षी! माझ्या आईने बघितली असती तर तिने आधी वाडगा आत घेतला असता, मग दाराला कुलूप लावलं असतं, आणि मग विचारलं असतं, कोण आहे."

हशा. पहिला खरा.

"कुणी पाठवला ते मला माहीत नाही. संशयित एकच आहे. दाताचा डॉक्टर: त्याने पाठवला असेल तर गोड का पाठवला, ते कळतंय."

हशा टाळ्यांत मिसळला. कुणी बाईने जीभ हलवत लग्नघरातली ललकारी दिली. दलेंदाने चमचा उचलला आणि बदामाच्या फुलाच्या बरोबर मध्ये घातला.

"आता पत्ता चुकला असेल," घास तोंडात असतानाच ती म्हणाली, आणि लोकांच्या डोक्यांवरून सरळ मागच्या काचेकडे पाहिलं, "तर मालकिणीने यावं. खुशाल न्यावा. पण वाडगा रिकामा मिळेल!"

तीन वर्षांत एवढा हशा झाला नव्हता. खुर्च्या हलल्या. ती खात राहिली, वेल, फुलं, चांदीच्या गोळ्या, आणि प्रत्येक चमच्याला हशा वाढत गेला.

दिवा १०. (असायला हवा होता निळा.)

अंधार.

वीज जाते तसा नाही. वीज जाते ती एकदम. हा प्रकाश हळूहळू खाली आला, हाताने आणावा तसा, आणि विझला.

"गेली!" कुणीतरी ओरडलं. "लामीन, बिल भर रे!"

त्या गोंधळात पहिल्या रांगेतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"खा गं पोरी, खा! पण आमच्या केस्रा गावात वाडगा भरून परत करतात, तेवढं लक्षात ठेव!"

सगळं सभागृह कोसळलं. ललकाऱ्या उठल्या. दिवा परत आला, पांढरा, थेट वरून.

तेव्हा तिला तो दिसला. ओढणीवाल्या बाईच्या शेजारी, वनखात्याचा हिरवा कोट घातलेला, कानाजवळ केस पांढरे झालेला माणूस. सभागृहातला प्रत्येक चेहरा दलेंदाकडे होता. हा एकटा खुर्चीत पूर्ण मागे वळून बसला होता आणि मागच्या काचेकडे बघत होता, तिकडे कुणाला लागलं तर नाही ना, असा.

दिवे सगळे. साफसफाई.

वस्सिला केबल कोपरावर गुंडाळत होती. हिरवा रुमाल तिच्या जॅकेटच्या खिशातून डोकावत होता.

"कधीपासून?" दलेंदाने विचारलं.

"एप्रिल. व्हॅनच्या इंजिनाचा पट्टा तुटला होता ना, केस्राच्या चढावर. तू खेळाच्या फोनवर होतीस. तो जंगलातून आला, पट्टा लावून दिला. नौफेल."

"आणि पहिल्या रांगेत त्याची आई."

"लल्ला मन्नूबिया. वाडगा तिनेच केला. चार दिवस बिया निवडत होती म्हणे."

दलेंदा टेबलाचे पाय दुमडू लागली. एक पाय अडकला.

"मला सांगितलं का नाहीस? मी कोण तुझी, तिकीट फाडणारी?"

वस्सिलाने केबल खाली ठेवली.

"दाताच्या डॉक्टरचं तुला सांगितलं. त्या रात्री मी रडत होते, आठवतं? टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली होती. पंधरा दिवसांत त्याच्यावर अख्खं बिझर्त शहर हसलं. मीही हसले. खरंच हसले, दलेंदा, बरं वाटलं मला. पण हे एक हशात नको होतं."

"मी ह्याचा प्रसंग केला नसता."

वस्सिलाने खुर्चीवरच्या वाडग्याकडे पाहिलं. तळाशी चमच्याच्या रेघा दिसत होत्या.

"ठरलेले खेळ करीन," ती म्हणाली. "उद्याचा केफ गावातला, मग बेजातला. पुढे कुणी बघ. दिवे कुणालाही शिकवता येतील."

"आणि हसणं?"

"हसणं माझ्या कामात नव्हतंच गं कधी."

ते तिने रागाने म्हटलं नाही. केबल उचलून ती पुन्हा कोपरावर गुंडाळू लागली.

दिवा नाही. सकाळ.

वस्सिला नौफेलच्या जीपमधून आधीच केस्राला गेली होती. दलेंदाने बेशीरकाकांच्या स्वयंपाकघरात खेळातलं भांडं उलटं केलं. तळाला दुकानाची चिकटपट्टी तशीच होती. तीन वर्षांत त्याला आच लागली नव्हती. तिने ती नखाने खरवडून काढली.

"ह्यात शिजतं?" बेशीरकाकांनी विचारलं.

"बघू."

खाली मटण, हरभरे, भोपळा. वर कुस्कुस. वाफ आली की परातीत उतरवायचं, तेल-पाण्याचा हात लावून गुठळ्या मोडायच्या, पुन्हा वर. पुन्हा. हात भाजत होते. एवढंसं घेतलं होतं, एका वाडग्यापुरतं. फुगून फुगून परात भरली. बेशीरकाकांना ताट वाढलं, त्यांच्या सुनेला वाढलं, वाडगा काठोकाठ भरला, तरी उरलंच.

केस्राच्या चढावर व्हॅन पहिल्या गिअरमध्ये रडत होती. शेजारच्या सीटवर फडक्यात बांधलेला वाडगा, त्याच्यावरून तिने सीटचा पट्टा घेतला होता.

दिवा १. दारातून आलेला.

लल्ला मन्नूबियाने फडकं उचललं, वास घेतला.

"तू केलंस?"

"हो, लल्ला," दलेंदा आदराने म्हणाली.

"कालचं नाटक चांगलं होतं. सुरुवातीला नव्हतं. नंतर होतं. बस."

चौघं एकाच मोठ्या ताटाभोवती बसले. वस्सिलाच्या हातात बांगडी होती. दलेंदाने ती पाहिली, मग भोपळ्याची फोड वाडग्यातून ताटात मध्यभागी सरकवली.

"आणि पोरी, तुझं काय?" लल्ला मन्नूबिया म्हणाली. "आहे का कुणी?"

हा प्रश्न खेळात होता. सहावा दिवा. त्याचं उत्तरही होतं: आहे की, फक्त आमची ओळख व्हायची आहे. ते कुठल्याही गावात पडलं नव्हतं. वस्सिलाने चमचा थांबवला. तिला ती ओळ पाठ होती.

"नाही," दलेंदा म्हणाली.

"हं," म्हातारी म्हणाली आणि मटणाचा मोठा तुकडा तिच्या बाजूला लोटला.

मग नौफेलने पहिला घास खाल्ला, सावकाश चावला, भुवया उचलल्या आणि वस्सिलाकडे झुकून तिच्या कानाशी काहीतरी बोलला. दोन शब्द असतील, तीन असतील.

आणि वस्सिला हसली. जाड, घोगरं, मध्येच श्वास अडकलेलं, तोंड इतकं उघडून की उजवीकडची भरलेली दाढ दिसली. दलेंदाने ते हसू इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. नेहमी ते लांबून यायचं, लोकांच्या डोक्यांवरून.

ती चमचा हातात धरून थांबली. हशा पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं असतं, मध्ये बोललं तर पुढचं वाक्य वाया जातं. हसू खाली आलं, पुन्हा उसळलं, मग हळूहळू विरलं.

दलेंदाने श्वास घेतला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य तिचं नव्हतं.