दत्तक द्यायला आई लागते

मानमोडीचा ताप ज्या साली आला, त्याच्या पुढच्या साली बेळगावच्या अनाथाश्रमाच्या दारात मावश्यांचं पीक आलं. आई एकही नाही, सगळ्या मावश्याच. त्याला कारण होतं. आश्रमात जागा होती तेवढीच, जोंधळा येत होता तेवढाच, आणि पोरं मात्र गावोगावहून येऊन पडत होती. तेव्हा पंचमंडळींनी नियम केला की आईबाप दोघंही नसलेलंच मूल आत घ्यायचं. पोट भरलेलं असलं की नियम करायला काही जड जात नाही. निपाणीकडच्या बायकांनी त्यावर आपला तोडगा काढला. मूल पुढं ढकलायचं आणि म्हणायचं, "बहिणीचं हाय, आक्का. बहीण गेली."

मालूबाईनंही तेच म्हटलं होतं. नवरा जोतिबा तापात गेला. अंगावरचं पोर त्याच्या मागोमाग गेलं. दिरानं दारात उभं केलं नाही, म्हणून ती निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागली. उरला होता थोरला भावकू, तीन वर्षांचा. वखारीत न्यावं तर तंबाखूच्या खकाण्यानं खोकून खोकून काळानिळा व्हायचा, खोपटात ठेवावा तर बघणारं कुणी नाही. शेवटी एक दिवस तंबाखूच्या गाडीवर बसून ती त्याला बेळगावला घेऊन आली. वाटभर त्याच्याकडून घोकून घेतलं. "मला मावशी म्हणायचं. आई म्हटलास तर तितं भाकरी मिळनार न्हाय."

पोरगं शहाणं. एकदाही चुकलं नाही. पहिलं वर्षभर तो सगळ्यांसमोर मावशी म्हणायचा आणि तिच्या कुशीत शिरला की कानात आई म्हणायचा. मग कानातलं बंद झालं. मालूला वाटलं, पोर सावध झालं. पण तसं नव्हतं. पोर विसरलं होतं. ज्या दिवशी त्यानं तिला विचारलं, "मावशी, माझी आई कशी दिसत हुती गं?" त्या दिवशी परतीच्या गाडीत ती निपाणी येईपर्यंत पदर तोंडात कोंबून बसली होती.

तरी ती येत राहिली. वखार बंद असली आणि गाडीवानानं फुकट बसवलं की यायची, शेंगा नाहीतर गुळाचा खडा घेऊन. पोर डोळ्यांना दिसायचं. मावशी म्हणून का होईना, दिसायचं.

भावकू सहा वर्षांचा झाला त्या सालची गोष्ट. होळीनंतर ती आली तेव्हा आश्रमात वेगळीच शांतता होती. देवीच्या साथीनं दोन पोरं नेली होती. भावकू बरा होता, पण पडवीत जेवायला बसलेला तिनं पाहिला तेव्हा तो अर्धी भाकरी बाराबंदीत लपवत होता. ती त्याला हाक मारणार तेवढ्यात द्वारकाक्कांनी तिला आत बोलावलं.

द्वारकाक्का आश्रम सांभाळायच्या. लाल आलवणातली विधवा बाई, आवाज असा की दोन चौक पलीकडचं पोर रडायचं थांबावं. आत त्यांच्यासमोर कोट-फेटा घातलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या शेजारी एक बाई बसली होती. बाईचे डोळे रडून सुजले होते.

"हे मारुतीराव वकील, अनगोळचे," आक्का म्हणाल्या. "या पुतळाबाई, त्यांच्या घरातल्या. सणासुदीला पोरांना खाऊ घेऊन येतात. यांना मूल नाही. तुमच्या भावकूवर यांचा जीव बसलाय."

मालूनं हातातला गुळाचा खडा मुठीत घट्ट धरला. ती म्हणाली, "बरं हाय की. पोराचं नशीब उघडलं."

"कुठलं उघडतंय!" मारुतीराव म्हणाले. "अनाथ मूल दत्तक घेता येत नाही, बाई. बापानं नाहीतर आईनं आपल्या हातानं मूल द्यावं लागतं, तरच ते कोर्टात टिकतं. ते हात नसतील तर मूल देणार कोण? मावशीला हक्क नाही, आश्रमाला नाही. माझी उचगावची जमीन आहे आणि तिच्यावर भाऊबंद टपलेत. मी उद्या डोळे मिटले की पोराला घरातून बाहेर काढतील. म्हणून विचारतो. याचा बाप खरंच गेलाय? का कुठं परागंदा झालाय? असला तर शोधून काढू."

"गेला," मालू म्हणाली. ते खरं होतं. मग ती म्हणाली, "दोगंबी गेली."

वकिलांनी मान हलवली. "मग संपलं. चुलतभाऊ परशराम आपला चौथा मुलगा घेऊन बसलाय. त्यालाच मांडीवर घ्यावं लागणार."

पुतळाबाई हुंदका देऊन म्हणाल्या, "मला त्यो पोरगा नको. मला ह्योच पायजे."

मालू नमस्कार करून बाहेर आली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. चोरी करायला गेलेल्या माणसाला घरमालकानंच दार उघडून बाहेर सोडावं, तसं. जे खोटं बोलल्याबद्दल ती रोज देवापुढं नाक घासायची, त्याच खोट्यानं आज तिचं पोर राखलं होतं. मावशी होती म्हणून पोर हातचं गेलं नाही. एवढा आनंद झाला आणि लगेच बाराबंदीतली ती अर्धी भाकरी आठवली.

भावकू पडवीच्या खांबाशी तिची वाटच बघत होता. "मावशी, त्या बाई मला न्यायला आलत्या न्हवं?"

"आलत्या."

"मग?"

"न्हाय नेत, बाळा. तसा कायदा न्हाय."

"मला म्हायती हाय," भावकू म्हणाला. "आक्का सांगत हुत्या. आई असली तर नेत्यात. आई नसली तर न्हाय नेत." गुळाच्या खड्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. "त्या बाईंनी मला सांगितलंय, त्यंच्याकडं म्हस हाय. साळंत घालनार हुत्या." मग एकदम त्याचा चेहरा रागानं लाल झाला. "कशाला मेली गं माझी आई? जरा ऱ्हायली असती तर काय झालं असतं?"

मालू उठली. विचार केला असता तर बसून राहिली असती, म्हणून तिनं विचार केलाच नाही. वकील नवराबायको निघायच्या बेतात होते. ती दारातच म्हणाली, "मी आई हाय."

मग मारुतीराव परत खाली बसले आणि त्यांच्यातला वकील जागा झाला. "आत्ता मावशी होतीस, आत्ता आई झालीस? मघाशी मी जमिनीचं बोललो ते ऐकून का?"

"जमीन तुमच्या डोक्यावर घाला," मालू म्हणाली. "मला काय तिचं?"

"ती खरं बोलते आहे," द्वारकाक्का म्हणाल्या. "पहिल्या दिवशी दारातच ती त्याला दटावत होती, मावशी म्हण, मावशी म्हण. खऱ्या मावशीला ते शिकवावं लागत नाही. आणि मारुतीराव, इथल्या निम्म्या मावश्या आयाच आहेत. मला ठाऊक आहे. ठाऊक असल्याचं दाखवलं असतं तर त्यांना पोरांसकट परत पाठवावं लागलं असतं."

अशा बाईला पंचांनी सोन्यानं मढवायला हवं होतं. पण पंच म्हणजे पंच, त्यांनी पुढं तिला याचा जाब विचारलाच.

"पाट लावलायस का?" वकिलांनी विचारलं. "दुसरं लग्न केलेल्या बाईनं दिलेला मुलगा टिकत नाही."

"न्हाय."

"साक्षीला कोण येईल?"

"दीर येईल. गावचा पाटील येईल."

"आणि हे कळतंय ना तुला? एकदा दिलास की तो तुझा नाही. आई म्हणून नाही आणि मावशी म्हणूनही नाही. पुन्हा भेटायला यायचं नाही. लोक म्हणतील, बाई पैसे न्यायला येते, आणि त्यावरच परशराम दावा लावेल."

मालूनं पुतळाबाईंकडं बघितलं. ती बाई तिच्याकडं बघतच नव्हती. दाराबाहेर पडवीकडं बघत होती, भावकू दिसतो का ते. मालूला तिचा राग आला, आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

"कळतंय," ती म्हणाली.

मुहूर्त लांबवला नाही. अनगोळला वकिलांच्या सोप्यात जाजम अंथरलं, भटजींनी होम पेटवला, साखर वाटायला परात भरून ठेवली. मालूचा दीर आला. उद्या वाटणी मागणारं तोंड कायमचं मिटतंय म्हटल्यावर तो पळतच आला होता. गावचा पाटील आला. अनगोळातली चार जाणती माणसं आली. आणि न बोलावता परशराम आला, खांबाला टेकून बसला.

भावकूला नवी टोपी घातली होती. तो मालूजवळ बसला होता आणि सारखा गोठ्यातल्या म्हशीकडं बघत होता. आपणच त्याची आई, हे त्याला तिनं अजून सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं तर पोर यायचंच नाही, ही तिची भीती. साक्षीदार बोलतील, भटजी मंत्र म्हणतील, आपण पोराला उचलून देऊ, आणि होऊन जाईल, असा तिचा हिशेब होता.

दिरानं साक्ष दिली. पाटलानं दिली. भटजींनी पळी हातात घेतली तेवढ्यात परशराम उठला.

"एक शंका हाय. पोरालाच इचारू की. भावकू, ही तुझी कोण रं?"

"मावशी," भावकू म्हणाला.

"आन् आई?"

"आई मेली."

परशरामनं मांडी थोपटली. "ऐका मंडळी, पोराच्या तोंडानं ऐका! दीर म्हणं साक्षीला. असला दीर एका जेवनावर मिळतोय."

सोप्यात गलका उठला. चार जाणत्यांपैकी एकजण वहाणा शोधायला लागला. मारुतीरावांचा चेहरा उतरला. पाटील चिडून म्हणाला, "बाई, सांगून ठेवलं न्हाईस पोराला?"

मालूच्या मनात आलं, आता गप बसावं. देवानंच वाट दाखवली. पोराला घ्यावं, आश्रमात न्यावं, पुन्हा गाडीवर बसून यावं, पुन्हा शेंगा आणाव्यात. कुणी दोष दिला नसता. होमाच्या पलीकडं पुतळाबाई बसल्या होत्या, रिकाम्या ओटीवर दोन्ही हात ठेवून, आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

मालूनं भावकूला आपल्याकडं वळवलं.

"भावकू, तू बारका हुतास तवा निपाणीत खोपटात ऱ्हात हुतास. ध्यानात हाय?"

त्यानं मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, कळेना.

"आई कामाला जायची. जाताना तुला काय करून जायची?"

भावकूचा हात हळूच आपल्या कमरेकडं गेला. "बांधून," तो म्हणाला.

"कशानं?"

"दाव्यानं. मेढीला."

एका बाईनं तोंडावर पदर घेतला. भर पंचात मालूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वासराला बांधावं तसं पोटच्या पोराला खोपटाच्या खांबाला बांधून ती वखारीत जायची, हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. आता तेच सांगावं लागत होतं.

"आन् तू काय करायचास?"

"रडायचो. मुतायचो तितंच."

"मग सांच्याला कोण येत हुतं सोडायला?"

मालूनं दोन्ही हात त्याच्या कमरेशी नेले आणि तिथं नसलेली गाठ सोडायला लागली. तंबाखूनं काळी पडलेली बोटं, घाईघाईनं, जशी रोज संध्याकाळी सोडायची तशी. भावकू तिच्या बोटांकडं बघत राहिला. मग त्यानं वर तिच्या तोंडाकडं पाहिलं.

"आई," तो म्हणाला.

पाटील खाकरला. "झालं का समाधान, परशराम?"

परशराम बसला. भटजी म्हणाले, "बाई, वेळ जातो आहे. द्या."

पण भावकूनं तिच्या लुगड्याला मिठी मारली होती. "तू मेली न्हाईस?"

"न्हाय, बाळा."

"मग मी न्हाय जात. मला आई हाय."

"पोरगं राजी न्हाय!" परशराम पुन्हा ओरडला.

"राजी आईनं असावं लागतं," मारुतीराव म्हणाले, पण त्यांचाही आवाज चिरकला.

भावकूनं तिच्या पोटात तोंड खुपसलं. "आई, मला बांध," तो म्हणाला. "मला मेढीला बांधून जा. मी आता मोठा झालोय. मी रडनार न्हाय."

मालूनं त्याची बोटं लुगड्यातून सोडवली. एक सोडवलं की दुसरं अडकत होतं. सगळी सुटल्यावर तिनं त्याला उचललं, होमाला वळसा घालून नेलं आणि मारुतीरावांच्या मांडीवर ठेवलं. पुतळाबाईंनी दोन्ही हातांनी त्याला धरलं. मालू सरळ उभी राहिली आणि खांबाजवळ बसलेल्यांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यो माझ्या पोटचा ल्योक. मी ह्याची आई. मी दिला."