भुंग्याची वेळ

‘खालचा मजला’ बघत जी पिढी मोठी झाली, तिला चाळिशीत गहिवरून आणायचं कंत्राट आता कुणीतरी घेतलं होतं. नव्या मालिकेचं नाव ‘वेळ झाली!’, उद्गारचिन्हासकट. स्वतःच्या विनोदावर ज्यांचा भरवसा नसतो, ते उद्गारचिन्ह आधीच लावून ठेवतात.

जुन्या मालिकेत मी कुठेच दिसत नाही. मी भुंग्याची बाई होते. म्हणजे भुंग्याचं काम करणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला सेटवर शिकवायला मला नेमलं होतं. नियमच तसा होता: मूल कॅमेऱ्यासमोर उभं करायचं असेल तर रोज तीन तास त्याचा अभ्यास झालाच पाहिजे. मी हातातली पितळी घंटी घेऊन जायचे आणि बरोबर अकराला वाजवायचे. पहिल्याच आठवड्यात हा पोरगा चालू प्रसंगातून उठला, “माझी वेळ झाली” म्हणाला आणि चालता झाला. मोठी माणसं आ वासून बसून राहिली. तेव्हाचा दिग्दर्शक म्हातारा, तिरसट आणि हुशार होता. तो माझ्याशी आठवडाभर भांडला, हरला, आणि मग त्याने ते मालिकेतच घालून टाकलं. मोठ्यांचं भांडण ऐन रंगात आलं की भुंग्या उठायचा, तेवढं एक वाक्य म्हणायचा आणि दाराबाहेर पडायचा. घराघरांतली पोरं जेवणाच्या ताटावरून तसंच म्हणत उठायला लागली. भुंग्या जातो कुठे, हे मालिकेने कधी सांगितलं नाही.

तो भागाकार करायला जायचा.

तेहेतीस वर्षांनी तोच मुलगा माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. डोक्यावर केस कमी, पोट जास्त. नव्या मालिकेचा पहिला भाग त्याने मला फोनवर दाखवला. मेहनत खूप घेतलेली होती, नाही म्हणणार नाही. जुन्या सोफ्याचा कोपरा उसवलेला असायचा, म्हणून यांनी नवा सोफा आणून त्याचा कोपरा उसवला होता. भुंग्या आता त्या इमारतीचा मालक. त्याला एक मुलगी, तिचं नाव भुंगी. एवढं सुचायला सहा लेखक लागले होते, सहाही जणांची नावं शेवटी आली. बावीस मिनिटांत भुंग्या “माझी वेळ झाली” चौदा वेळा म्हणाला. मोजायची मला सवय आहे. आणि एकदाही तो कुठे गेला नाही. म्हणायचा, पुन्हा सोफ्यावर बसायचा, आणि न दिसणारी माणसं हसायची.

“कसं वाटलं, बाई?”

“पोट आत घेत जा.”

“मालिका कशी वाटली विचारतोय मी.”

“सुरू झाली का? मला वाटलं अजून जाहिरातच चाललीय.”

तो हसला, पण लगेच थांबला. लहानपणी गृहपाठ राहिला की कानाची पाळी ओढायचा, तशी ओढायला लागला. मग एकेक बाहेर आलं. भुंगीचं काम करणारी मुलगी आठ वर्षांची. तिला शिकवायला ठेवलेली बाई दुसऱ्याच दिवशी सोडून गेली आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. शुक्रवारी बालकलाकारांची तपासणी करणारा अधिकारी हजेरीचं रजिस्टर बघायला येणार. अठरा दिवस कोरे. कुणी जुन्या, नावाजलेल्या शिक्षिकेने सह्या केल्या तर तो पुढे काही विचारणार नाही.

“फक्त सह्या, बाई. पुढच्या महिन्यात मी कुणालातरी ठेवायला लावतोच.”

“आणि नाही केल्या तर?”

“बंद पाडतील.” मग हळूच म्हणाला, “भुंग्यानंतर मला कुणी दुसरं काम दिलं नाही, तुम्हाला माहीत आहे. हे गेलं की मी संपलो.”

मला त्याची दया आली. रागही आला, आणि राग जास्त होता. म्हटलं, रजिस्टर सेटवरच ठेव, मी उद्या येते. त्याला ते ‘हो’ वाटलं. वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पोचले. नवा दिग्दर्शक तिशीचा, बंद खोलीतसुद्धा डोक्यावर गॉगल. “मॅडम, तुम्ही म्हणजे लेजंड! हा जुन्या मालिकेतून काढलेला निव्वळ स्पिन-ऑफ नाही, आम्ही त्या निरागसतेला सलाम करतोय.”

“निरागसता कुठे बसते?” मी विचारलं. “तिचा वर्ग दाखवा.”

वर्ग मागच्या बाजूला होता. दारावर ‘अभ्यासिका’ अशी सुबक पाटी. आत खोट्या केसांचे टोप, पाण्याच्या बाटल्यांचे खोके आणि मोडकं इस्त्रीचं टेबल. खोक्यावर मुलगी बसलेली, समोरचा दात पडलेला. शेजारी तिची आई कागद हातात धरून तिला वाक्यं म्हणून दाखवत होती.

“तिला सगळं पाठ होतं हो,” आई कौतुकाने म्हणाली. “दुसऱ्यांची वाक्यंसुद्धा!”

मी कागद मुलीच्या हातात दिला, मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हे काय लिहिलंय गं?”

तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. पानाच्या सुरुवातीपासून एकेक वाक्य मनात म्हणत ती खाली आली आणि मग माझ्या बोटाखालचं वाक्य ठणठणीत म्हणाली, वर एक छानसं हसू. मधलं विचारलं की पहिल्यापासून सुरुवात करणारी मुलं मी शेकड्यांनी बघितली आहेत. ती वाचत नसतात, आठवत असतात. मी एका खोक्याकडे बोट दाखवलं. त्यावर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहिलेलं होतं.

“पाणी,” ती म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. “शाळेत जरा मागेच होती. इथे रोज तीन तास एकटीला शिकवणार म्हणाले, म्हणून तर शाळा सोडवली.”

तेवढ्यात मुलीला बोलावणं आलं. आम्ही दोघी मागोमाग गेलो. उसवलेल्या सोफ्यावर भुंग्या आणि भुंगी बसले. भुंगीने एक वाक्य म्हणायचं, भुंग्याने कपाळाला हात लावायचा, असं सहा वेळा झालं. प्रत्येक वेळी दिग्दर्शक “क्या बात है!” म्हणायचा आणि पुन्हा करायला लावायचा. सातव्यांदा चालू असताना अकरा वाजले. मी पिशवीतून घंटी काढली आणि वाजवली.

मुलीला काही कळलंच नाही. ती आईकडे बघायला लागली. तिला कुणी शिकवलंच नव्हतं की घंटी झाली की उठायचं असतं.

उठला तो बेचाळीस वर्षांचा बाप्या. वाक्य अर्धं टाकून उठला आणि दाराच्या दिशेने तीन पावलं गेलासुद्धा, तेव्हा त्याला कळलं आपण काय करतोय. दिवे धरणारे, केस विंचरणारे, सगळे खदाखदा हसले. त्या सेटवर मी ऐकलेलं पहिलं खरं हसू.

“ठेवा! हे ठेवा!” दिग्दर्शक नाचायला लागला. “काय टायमिंग आहे!”

भुंग्या दाराशीच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. परत आला आणि तिच्यापुढे हात केला.

“चल. तुझी वेळ झाली.”

“अरे, चार ओळी राहिल्यात!” दिग्दर्शक म्हणाला.

“बेल झाली,” भुंग्या म्हणाला.

मी दोन वाजेपर्यंत शिकवलं. ‘काच’पासूनच सुरुवात केली. मग रजिस्टर मागवलं, त्या दिवसापुढे ‘अकरा ते दोन’ लिहून सही केली, आणि मागच्या अठरा कोऱ्या रकान्यांवर पट्टीने आडव्या रेघा मारल्या.

“बाई!” भुंग्या ओरडला. “शुक्रवारी बंद पाडतील ना!”

“पाडू देत. चोपन्न तास होतात. भरून काढले की पुन्हा सुरू करू देतील.”

“आणि नाही दिलं तर?”

“तर निदान एकीला वाचता येईल. तुमच्या मालिकेने एवढं केलं तरी खूप झालं.”

तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. शुक्रवारी अधिकाऱ्याने काम थांबवलं, चोपन्न तास भरेपर्यंत. दिग्दर्शकाने वर्तमानपत्रांना सांगितलं की कलाकृतीच्या दर्जासाठी आम्ही जरा थांबलो आहोत. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

सोमवारी भुंग्या अभ्यासिकेच्या दाराशी येऊन उभा राहिला. टोप आणि खोके त्याने स्वतः उचलून बाहेर नेले. मग रोजच यायला लागला. रिकामा होता, म्हणून मी त्यालाही बसवलं. मुलीला पाठ नसलेले भाग मी त्याच्या कागदांतून काढायचे, तो उलटसुलट ओळी दाखवायचा आणि ती अक्षर अक्षर जुळवायची. ते संवाद कशाला तरी उपयोगी पडलेले मी तेव्हाच बघितले. शब्द सोपे होते, आणि तेच ते पुन्हा पुन्हा यायचे. शिकणाऱ्याला बरं असतं ते.

सोळाव्या दिवशी ती एका पानावर अडली. अक्षर अडलं असेल म्हणून मी वाकून बघितलं, तर तसं नव्हतं. तिने बोट तिथेच ठेवून मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं.

“बाई, हे वाक्य इथे पण आहे. आणि इथे पण.”

“हो का? वाच बरं.”

“माझी... वेळ... झाली.” तिने भुंग्याकडे मान वर करून बघितलं. “काका, सारखं सारखं म्हणता, मग तुम्ही जात का नाही?”

प्रश्न मला नव्हता.

तो बराच वेळ तीन पानं पुढेमागे करत राहिला. कानाची पाळी एकदा ओढली. मग माझ्यापुढे हात केला.

“पेन्सिल द्या, बाई.”