लाखावा मुक्काम

पर्यटन हा राष्ट्राचा कणा आहे, असं नेवेंका बारबिचच्या कार्यालयात दारासमोरच लिहिलेलं होतं. उवाला गावात हा कणा मे महिन्यात बसवतात आणि ऑक्टोबर संपला की काढून, धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवतात.

यंदा मात्र नेवेंकाच्या जिवाला घोर होता. एका पाहुण्याची एक रात्र म्हणजे एक मुक्काम. हंगामात असे लाख मुक्काम झाले नाहीत, तर उवालाचं पर्यटन कार्यालय खाडीपलीकडच्या लुका गावात विलीन होणार, असं मंत्रालयाने कळवलं होतं. लुकात! जिथले लोक उवालाची मासळी विकत नेतात आणि आपली म्हणून वाढतात. नेवेंकाने उन्हाळाभर जिवाचं रान करून आकडा लाखाच्या उंबऱ्यावर आणून ठेवला. तेवढ्यात दक्षिणेचा ओला वारा सुटला, शेवटचा जर्मन सायकलवाला कंटाळून एक दिवस आधीच निघून गेला आणि हंगामाच्या शेवटच्या सकाळी लाखाला एक कमी पडला.

दुपारच्या बोटीने येणारा उतारूही एकच होता: पेरिनाकाकूंचा लोव्रे. गावातल्या बाकी पोरांसारखाच कामासाठी परदेशी गेलेला; ऑलिव्ह उतरवायला सुट्टी काढून डब्लिनहून येत होता.

नेवेंका तडक काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

"काकू, लोव्रेची पाहुणा म्हणून नोंद करायची."

"पाहुणा?" माशाचे खवले काढणारा काकूंचा हात थांबला. "नऊ महिने माझ्या पोटात मुक्कामाला होता, तेव्हा नाही आलं कुणी नोंद करायला!"

"अहो, गावच्या रहिवाशांच्या यादीतलं नाव त्याने कमी केलंय. कायद्याने तो परदेशातून आलेला पाहुणाच."

"कायद्याला म्हणावं, तूच ये जेवायला. पोटच्या पोराला मी परका लिहू?"

"मग राहिलं. उद्यापासून कार्यालयाची किल्ली लुकावाल्यांकडे."

काकूंनी सुरी खाली ठेवली. "लुकावाल्यांकडे? अगं, मग हे आधी नाही का बोलायचं! लिही. हवं तर जर्मन लिही."

दुपारी धक्क्यावर सगळं गाव लोटलं. लोव्रे बोटीतून उतरला आणि बँड वाजू लागला. कोण आलंय म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मागे पिठाची पोती होती.

"उवालात आपलं हार्दिक स्वागत!" नगराध्यक्ष शिमुन त्याला कवटाळत गरजले. "कसा झाला प्रवास, साहेब?"

"साहेब काय, शिमुनकाका? बाप्तिस्म्याला मला तुम्हीच तर हातात धरलं होतंत."

"गप रे गाढवा," शिमुन त्याच्या कानात पुटपुटले. "टीव्हीवाले आलेत. परका हो जरा."

लोव्रे परका झाला. पोरगा मुळातच हुशार. पाच जणांच्या गायनमंडळाने समुद्राचं गाणं म्हटलं, तेव्हा त्याने ते जन्मात प्रथमच ऐकल्यासारखी मान डोलावली. वास्तविक त्यातला तिसरा आवाज त्याच्या मामाचा होता. मग त्याला सुके अंजीर, गोड दारू आणि ऑलिव्ह तेलाची परडी मिळाली. तेल त्याच्या आईच्याच झाडांचं होतं.

स्प्लिट शहरातून आलेल्या टीव्हीवाल्या मुलीने माइक पुढे केला. "इथलं सगळ्यात काय आवडतं तुम्हाला?"

"आईच्या हातचं... म्हणजे घरमालकिणीच्या हातचं जेवण."

गर्दीत काकूंनी डोळ्यांना पदर नाही म्हणून अ‍ॅप्रन लावला.

"पुन्हा याल?"

"येणार की. नाताळला."

शिमुननी माइक जवळजवळ हिसकावलाच. "ऐकलंत? हिवाळी पर्यटनाची आगाऊ नोंदणी सुरू झाली!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खाडीपलीकडे लुकात लोक गच्चीवर आले. नेवेंका रडत होती आणि हसत होती. बँडवाल्यांनी तिला खांद्यावर घेऊन धक्क्याची एक फेरी मारली, तुतारीवाला दमल्यावर दुसरी. संध्याकाळी मासे भाजले गेले, पिंपं रिकामी झाली आणि पाहुण्याला लाखावा मुक्काम करायला त्याच्या लहानपणीच्या खाटेपर्यंत मिरवत नेण्यात आलं.

मंत्रालय खूश झालं. कार्यालय उवालातच राहिलं. वर, पुढच्या वर्षाचं उज्ज्वल भवितव्य लक्षात घेऊन नेवेंकाच्या हाताखाली दोन कायम पदं मंजूर झाली, गावातल्याच तरुणांसाठी. जाहिरात वसंतापर्यंत धक्क्यावर लावलेली होती.

अर्ज एकही आला नाही.